पेंढ्याखालची कोरफड

थंडीत आमच्या दारची कोरफड पेंढ्याची टोपी घालून बसायची. सकाळी ऊन अंगनात आलं की आई ती टोपी उचलायची, वरचं दहिवर झटकायची, आनि खाली कोरफड... जाड, हिरवी, नुकती झोपेतनं उठल्यावानी.

धसईच्या वर, डोंगराच्या पायथ्याला आमचं घर. तिथली थंडी वाईट, कोरफडीला सोसत नाय. म्हनून आईनं फुटक्या मडक्यात रेती भरून ती चुलीच्या भिंतीला टेकवून लावलेली. आत चूल पेटली की बाहेर भिंत कोमट व्हायची. नि अख्ख्या थंडीत पान्याचा थेंब नाय. "ती तहानेनं मरत नाय गो, पान्यानं मरते," आई सांगायची.

एवढं जपायला कारन होतं. भात झोडून झालं की आईबाबा वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. माझ्या पाठची बहीन तान्ही असताना तिथल्याच धुरात खोकून खोकून गेली. म्हनून या खेपेला भाऊ, बाळ्या, शेजारच्या काकीच्या भरवशावर घरी माझ्याजवळ राहनार होता. दीड वर्साचा, अजून आईच्या अंगावर पिनारा. त्याला तोडायचा म्हंजे कोरफडीचा कडू चीक छातीला लावायचा. पोर तोंड लावतं, थुंकतं, दोन दिवसांत विसरतं.

मी आठ-नऊ वर्सांची. मनाशी म्हनलं, कोरफडच नसली तर आई जाईल कशी?

रोज संध्याकाळी आई गोठ्यात गेली की मी तांब्याभर गार पानी मडक्यात ओतायची नि पेंढा बाजूला सारायची. पानी रेतीत मुरताना बारीक आवाज यायचा... आता सत्तरी उलटली, घरात मी एकटी, तरी तो आवाज कानात हाय. आठ दिवसांत पानं पिवळी पडली, शिजल्यावानी मऊ झाली. एक धरलं तर बुडातनं निघून हातात आलं — कुजका वास.

आईनं रेतीत बोट घातलं. ओलं लागलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मारनार.

शेजारची काकी कुंपनापलीकडनं हसली, "अगो, थंडीची आंघोळ घातलीस तिला? हळद पन लावायची ना गो!"

आई हसली नाय. "कडू काय एकच झाड हाय का गो, बाये?" मला इतकंच बोलली, नि कडुलिंबाचा पाला वाटायला बसली.

बाळ्या दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी मला चिकटून झोपला. चौथ्या दिवशी आईबाबा गेले. आईनं वळून बघितलं नाय, मी पन हाक मारली नाय.

मग मीच त्याला नाचनीची आंबील भरवायची, कडेवर घेऊन पान्याला जायची. उन्हाळा सरत आला, तवा आईबाबा आले. आईचं तोंड विटांच्या धुळीनं लाल. अंगनातनंच हात पसरले, "ये रे बाळ्या!"

तो माझ्यामागं दडला. माझा परकर दोन्ही मुठीत धरून मला म्हनला, "आई, कोन ती?"

आईनं हात खाली घेतले, पदरानं तोंड पुसलं. "भूक लागली असंल त्याला," म्हनाली, "आधी त्याला वाढ गो."

बाळ्यानं तिला आई म्हनायला दिवाळी उजाडली. मग भात झोडून झालं, नि ती परत निघाली.