झेंडूच्या बांधापाशी इंजिन बंद

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. चिपळूण ते कराड, कुंभार्ली घाटातून, धुक्यात आणि पावसात. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या गाडीत बसले की ह्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागतो. अशा माणसाला पुण्याच्या लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून क्वाड बाईकची सफर दिली, तेव्हा मी तिला फोनवर म्हटलं, “अगं, त्यापेक्षा स्वेटर द्यायचास.” पण तिने पैसे भरून टाकले होते, आणि भरलेलं वाया घालवणं आमच्या दोघांच्याही रक्तात नाही.

दसरा दोन दिवसांवर आला होता. लेकीकडे मुक्काम करून आम्ही सकाळी सोलापूरच्या एसटीने निघालो. हे मुद्दाम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि यवत येईपर्यंत माझ्या कानात कुजबुजत राहिले, “क्लचवर पाय ठेवून चालवतोय. प्लेटी जाळणार.” उतरताना मात्र त्याला “चांगली चालवता” असं सांगून आले. माणसाने खोटं बोलावं तर असं.

यवतच्या स्टँडवर चहा घेतला तोवर सफरवाल्यांची जीप आली. कालवा ओलांडून ऊस मागे पडला आणि एकदम माळ सुरू झाला. आमच्या कोकणात नजरेला अडवायला सतत काहीतरी असतं: डोंगर, माड, नाहीतर शेजाऱ्याची भिंत. इथे नजर सोडली की ती कुठे न थांबता थेट भुलेश्वराच्या डोंगराला जाऊन टेकते. पिवळं पडत चाललेलं गवत, मधूनच एखादी बाभूळ, आणि वर एवढं मोठं आभाळ. मी जीपमध्येच म्हणून गेले, “अहो, किती मोकळं आहे हो!” हे म्हणाले, “उन्हाचं काय ते बोल.”

पत्र्याच्या शेडपुढे चार जाड चाकांच्या बुटक्या गाड्या उभ्या होत्या. आमच्याबरोबर हिंजवडीचे दोन तरुण होते, अनिकेत आणि त्याचा मित्र. दोघांनाही वेगाची भारी घाई. आणि वाट दाखवणारी होती रुखसार. पंचविशीच्या आतबाहेरची, ओढणी घट्ट बांधून तिच्यावर हेल्मेट चढवलेली, पायात बूट. वडिलांचं यवतला ट्रॅक्टरदुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे इंजिनाशी लहानपणापासूनची ओळख.

तिने गाडी समजावून सांगितली. मूठ पिळायची नाही, अंगठ्याने खटका दाबायचा, तोच अ‍ॅक्सिलरेटर. चढाला अंग पुढे, उताराला मागे. ह्यांनी हाताची घडी घालून ऐकलं आणि म्हणाले, “मुली, मी तीस वर्षं घाटात गाडी चालवलीय.”

“व्हय काका,” ती हसून म्हणाली, “पण घाटात रस्ता तरी व्हता. हितं तोबी न्हाई. आन् ह्या चपला कशाला घातल्या? बूट सांगितलं व्हतं ना?”

“घाट चपलेवरच चढवलाय.”

तिने वाद घातला नाही. खाली बसली आणि सुतळीने ह्यांच्या चपला पायाला करकचून बांधल्या. साहेब एकेक पाय पुढे करून बांधून घेत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही ते ह्या पोरीने दोन मिनिटांत केलं.

निघण्याआधी तिने सगळ्यांना जवळ बोलावलं. “एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. माळावर जायची वाट आबांच्या झेंडूच्या कडंनं जाती. ती वाट त्यांच्या मालकीची हाय, आपली न्हाई. म्हागच्या आठवड्यात आमच्यातलाच एकजण पाव्हण्यांना घेऊन भरधाव गेला. सगळा पिठावानी फुफाटा फुलांवर बसला. दुसऱ्या दिवशी मार्केटात आबांचा माल बाजूला काढला. आता आबा म्हणत्यात, अजून एकदा धूळ उडली तर वाटंवर काट्या टाकीन. उद्या त्यांच्या फुलांचा दसऱ्याचा तोडा हाय. म्हणून बांधाच्या दोन्ही टोकांना पांढरं फडकं बांधलंया, ते दिसलं की इंजिन बंद, न्यूट्रल टाकायचं, आन् खाली उतरून गाडी ढकलायची. पार बांध संपस्तवर.”

“पैसे भरून ढकलायचं?” अनिकेत म्हणाला.

“हळू चालवली तर नाही का चालणार?” ह्यांनी विचारलं.

“हळू चालवली तर हळू उडती काका. पण उडतीच.”

बाभळीला बांधलेलं फडकं आलं. आम्ही उतरलो. पुढे बांधाच्या पलीकडे झेंडू फुलला होता, आणि मी गाडीला हात लावायचंच विसरले. दसऱ्याला चिपळूणच्या बाजारात मी झेंडू पाटीत पाहिलेला, फार तर हातगाडीवर. जमिनीवर उभा असलेला एवढा झेंडू कधी पाहिला नव्हता. भगव्या सऱ्या, पिवळ्या सऱ्या, आणि त्यांचा तो उग्र, ओलसर वास. सण इथून निघतो तर, असं मला वाटलं, आणि खरंच भरून आलं.

“बघत काय बसलीस, हात लाव,” हे मागून म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. “जन्मभर पॅसेंजरांना खाली उतरवून एसटीला धक्का मारायला लावला. आज त्या सगळ्यांचा तळतळाट भोवला.”

ह्यावर अनिकेतसुद्धा हसला. गाड्या जड होत्या, पण हलक्या उताराला चाकं फिरली की जात होत्या. शेताच्या टोकाला पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उभे होते. रुखसारने लांबूनच हात वर करून “आबा, सलाम!” केला. त्यांनी मान हलवली न हलवली. त्यांच्या पायाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग तयार होता.

बांध संपला, इंजिनं सुरू झाली, आणि मग जे काही झालं त्याचं वर्णन मला नीट जमणार नाही. माळ आमचा झाला. रुखसार पुढे, तिच्यामागे आम्ही, सर्वांत मागे ती पोरं. तिने आम्हाला मुद्दाम आपल्या पाठीशी ठेवलं होतं, म्हणजे सगळ्यांचा वेग आमच्या वयाचा. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गाडी खाली उतरली तेव्हा मी ह्यांचा शर्ट मागून दोन्ही मुठींनी धरला, आणि वर चढली तेव्हा ओरडले. भीतीने नव्हे, आनंदाने. टिटव्या ओरडत उठल्या. मोज्यात कुसळं शिरली. टेकाडावर पोचल्यावर खाली उसाचे हिरवे पट्टे, कालव्याची रेघ आणि दौंडकडे निघालेली एक आगगाडी दिसली, मुलाने अंगणात मांडल्यासारखी.

तिथे रुखसार म्हणाली, “काकू, आता तुम्ही चालवा.” मी नाही नाही म्हणता म्हणता अंगठा दाबला. गाडी उडाली, मी किंचाळले, हे मागे “ब्रेक! ब्रेक!” करत राहिले आणि त्यांचा उजवा पाय हवेतच ब्रेक मारत राहिला. पण मी चालवली! आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच हे माझ्या मागे बसले होते.

टेकाड उतरून पलीकडे उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ आहे, तिथे थांबलो. कढईत रस रटरटत होता, वाफेचा वास लांबून येत होता. उत्तर प्रदेशातल्या एका कारागिराने पळसाच्या पानावर काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) घालून दिली. “माताजी, गरम है, धीरे से,” असं तो म्हणेपर्यंत माझी जीभ भाजली होती. त्याबरोबर रुखसारच्या अम्मीने बांधून दिलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गोड, तिखट, गोड, तिखट असं आम्ही खात सुटलो.

खाताना मी तिला विचारलं, “वाट बंद झाली तर दुसरी नाही का गं?”

“न्हाई काकू. एका बाजूला कालवा, एका बाजूला कंपनीचं कंपाऊंड. वाट गेली म्हंजी माळ गेला. मग शेडपुढच्या रिंगणात गाड्या फिरवायच्या. त्याला कशाला लागती वाट दाखवणारी?” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “अब्बा म्हणत व्हते गॅरेजात बस. पण मला हे आवडतं. नवीन माणसं हितनं माळ बघत्यात ना, तवा मला बी तो नव्यानं दिसतो.”

निघताना ह्यांनी अनिकेतला बाजूला घेऊन सांगितलं, “फडकं दिसायच्या आधीच वेग कमी करायचा. कळलं?”

परतताना ऊन कलायला लागलं होतं, वारा उठला होता. फडक्यापाशी आम्ही मुकाट्याने उतरलो आणि ढकलायला लागलो. ह्या दिशेने जरा चढ आहे. अर्ध्या वाटेत ह्यांच्या डाव्या पायाची सुतळी तुटली आणि चपलेचा अंगठाही गेला. “थांबा काका,” रुखसार म्हणाली. हे थांबले नाहीत. चप्पल हँडलला अडकवली आणि एक पाय अनवाणी, एक चपलेत, असे ढकलत राहिले.

तेवढ्यात माळाकडून वावटळ आली. आधी गवत झोपलं, मग तो उंच पिवळा खांब फिरत फिरत वाटेवर आला. आम्ही डोळे मिटले. दातांत माती कचकचली. डोळे उघडले तेव्हा वावटळ शेताची कड घासून पुढे गेली होती, आणि कडेच्या झेंडूच्या सऱ्या भगव्याच्या राखाडी झाल्या होत्या.

शेताच्या दुसऱ्या टोकाला आबा पाण्याच्या मोटरीपाशी होते. त्यांना तिथून धूळ तेवढी दिसली. ते काठीने काटीचं एक मोठं झुडूप ओढतच आले. “रुखसार! सांगितलं व्हतं का न्हाई तुला? उद्या तोडा हाय माझा! वरीसभराची कमाई हाय!”

“आबा, आम्ही गाड्या बंद...”

“बंद?” त्यांनी आमच्या इंजिनावर तळहात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. “हे तर चुलीवानी तापलंया!”

तापलेलं असणारच, सगळा माळ फिरून आलो होतो. पण ते सांगायचं कसं? रुखसारच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ ओढ्यात, चढावर, कुठेही न डगमगलेली पोर एकदम लहान दिसायला लागली. मला आबांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, कारण ते वाकून एका फुलावरची धूळ बोटाने पुसत होते.

तेव्हा हे पुढे झाले. कामगिरीवर असल्यासारखे. “आबा, मी एसटीचा ड्रायव्हर. गाडी चालवत नेली की ढकलत, हे मला विचारू नका. वाटेला विचारा.” आणि त्यांनी मागे बोट दाखवलं.

वाऱ्याने वरची धूळ नेली होती, पण जाड फुफाट्यात टाचा रुतवून ढकलल्याच्या खुणा तशाच होत्या. चाकांच्या खुणांवर पावलं. आणि त्यांत एक जोडी अशी, की उजवं पाऊल चपलेचं आणि डावं अनवाणी, पाचही बोटं उमटलेलं.

आबांनी ह्यांच्या पायांकडे पाहिलं. मग वाकून बघत बघत पार फडक्यापर्यंत गेले. आम्ही सगळे उभे. परत आले तेव्हा झुडूप हातात नव्हतं.

“म्हंजी वारंच व्हतं,” ते म्हणाले. “वाऱ्याला कुठली काटी टाकावी?”

रुखसारने डोळे पुसले. “आबा, पंप कुठं हाय? नुसतं पाणी मारू. आत्ता धुतलं तर रातच्या वाऱ्यानं सुकत्याल.”

तिने फवारणीचे दोन पंप औषधाचा वास जाईपर्यंत धुतले. एक ह्यांच्या पाठीवर, एक अनिकेतच्या. आबा मागून सांगत होते, “वरनं न्हाई पाव्हणं, बाजूनं. पाकळी मोडंल.” मी आणि दुसरा पोरगा मोटरीवरून पाणी आणत होतो. पैसे भरल्याची भाषा कुणाच्याच तोंडी उरली नव्हती. राखाडी सऱ्या पुन्हा भगव्या होत गेल्या, आणि दर सरीला आबांचा चेहरा जरा सैल झाला. शेवटी ते काट्यांच्या ढिगाकडे वळले. रुखसार श्वास रोखून बघत राहिली.

“ह्या तिकडं टाकतो,” आबा म्हणाले, “रानडुकरं येत्यात त्या अंगाला. तुझी वाट हाय तशी ऱ्हाईल. पण ढकलतच यायचं.”

“ढकलतच येणार आबा,” ती म्हणाली, आणि अशी हसली की माझा सगळा शीण गेला.

दसऱ्याच्या आदल्या रात्री घरी पोचलो. सकाळी बाजारातून झेंडू आणला. तो कुठल्या शेतातला होता देव जाणे, पण तोरण ओवताना मी एकेक फूल उलटसुलट करून पाहत होते. एकावरही धूळ नव्हती. त्यासाठी कुठेतरी कुणीतरी गाडीवरून खाली उतरलं असेल, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. लेकीने फोनवर विचारलं, “बाबांना आवडलं का?” मी म्हटलं, “स्वेटरपेक्षा बरं झालं.”

दुपारी हे स्कूटर घेऊन गेले होते. आमच्या गल्लीत शेजारच्या सुमनताईंनी नव्या पिकाचं भात चटयांवर वाळत घातलं होतं. दरवर्षी घालतात, आणि दरवर्षी हे कडेकडेने हॉर्न वाजवत जातात, दरवर्षी दोघांचे खटके उडतात. मी ओटीवर उभी होते. कोपऱ्यावर स्कूटरचा आवाज आला आणि एकदम थांबला. बघते तर हे खाली उतरून, घामाघूम होत, स्कूटर ढकलत येत होते.

“बंद पडली का हो?” मी विचारलं.

“बंद केली,” हे म्हणाले. “भात वाळतंय.”