जागा धर, म्हणाली म्हणून

पोरी, हे पत्र निवांत बसून वाच वं. मावशीला भित्री म्हणताना जीभ नाही अडखळली तुझी? परवा फोनवर केवढ्यानं हसलीस. म्हणे, पुण्याला ये, तुला जमिनीखालचं स्टेशन दाखवते, वर रस्ता अन् खाली गाडी. मी नको म्हटलं तर म्हणतेस, दाराशी मेट्रो असून मावशी ऑटोनं फिरते. फिरतेच. काहून फिरते ते तुला ठाऊक नाही, कारण तुझ्या आईनं मला शपथ घातली होती. ती शपथ आज मोडते. लिहून मोडते, तोंडानं सांगायला गेले तर अर्ध्यावरच फोन ठेवीन.

तुझ्या आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाची गोष्ट. तुझी नोकरी नवी, तुला सुट्टी मिळाली नाही. अक्का गावाहून, कुहीहून आली ती माझ्याचकडे उतरली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी धरमपेठेत डॉक्टरकडे दाखवायला नेली. त्यांनी डोळा पाहिला, पुन्हा पट्टी बांधली आणि बजावलं, अजून चार दिवस पट्टी काढायची नाही, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. "आणि आजी, रडायचं नाही."

"रडाले काय झालं मले?" अक्का म्हणाली. "धान घरात आलं, पोरगी नोकरीले लागली."

डॉक्टरही हसले. पण मला हसू आलं नाही, कारण डावा डोळाही पिकत आला होता आणि त्यातून तिला माणूस म्हणजे धुरातली सावली दिसायची. म्हणजे त्या चार दिवसांत तिचे डोळे मीच होते.

मेट्रोची अक्कल माझी. ऑटोत दणके बसतील, खड्ड्यात डोळ्याला काही झालं म्हणजे? मेट्रो कशी, पोटातलं पाणी हलत नाही. धरमपेठेकडून बसलो, सीताबर्डीला उतरलो. तिथं दोन दिशांच्या गाड्या एकमेकींना छेद देतात, एक एका मजल्यावर, दुसरी दुसऱ्या. आमच्या घराकडची गाडी धरायची तर मजला बदलावा लागतो. सरकता जिना पाहून अक्कानं माझा दंड असा आवळला की बोटं उमटली. "हा जिना चालून राहिला का मीच चालून राहिली?" मग लिफ्टनं गेलो. वरच्या वाऱ्यात तिचा पदर उडत होता, खालून चौकातले हॉर्न ऐकू येत होते. मी तिला पिवळ्या पट्टीच्या बरीच मागं उभी केली. तिची पिशवी माझ्या खांद्यावर. त्यात डोळ्यात घालायचे थेंब, काळा चष्मा, तिचा फोन. दोघींचं तिकीट माझ्या पाकिटात. तिच्याजवळ काय होतं? काहीच नाही. हे मला नंतर सुचलं.

गाडी आली, दार उघडलं, आणि अक्का ओरडली, "जाय वं, जागा धर!"

आता तू म्हणशील, मेट्रोत कसली जागा धरायची. पण तू एसटीचे ते दिवस पाहिले नाहीत. बाजाराच्या दिवशी कुहीच्या स्टँडवर गाडी लागली की लोक दाराशी लोंबायचे, आणि अक्का मला कमरेला धरून खिडकीतून आत ढकलायची. मी लहान, चिपाडासारखी. आत पडले की एका जागेवर बसायचं, दुसरीवर पिशवी टाकायची आणि कोणी कितीही डोळे वटारले तरी उठायचं नाही. अक्का मागून दारानं यायची. ती म्हणाली जागा धर, की माझे पाय माझे राहत नसत. साठी उलटली तरी नाहीत राहिले. मी तिचा हात सोडला आणि पळाले. एका सीटवर पिशवी टाकली, शेजारी बसले, पदर पसरला. अर्धा डबा रिकामा होता गं! कोणाशी भांडून जागा धरत होते मी?

टुंग टुंग वाजलं. मान वर केली तर अक्का दारापासून तीन पावलांवर, हात पुढं करून हवा चाचपत येत होती. मी उठले तोवर दार लागलं.

तिचा तळवा काचेवर बसला. पांढरी पट्टी, आणि उघडा डोळा माझ्याकडं नाही, माझ्या बाजूला कुठंतरी पाहत होता. गाडी हलली. पोरी, तिनं हात काढला नाही. तिला वाटलं असेल दार उघडेल. गाडीबरोबर ती चालायला लागली, हात डब्यावरून सरकत होता, आणि मी आतून ओरडत होते, "सोड! अक्का, सोड!" बाहेर शिट्टी वाजली. मग खांब आला आणि ती दिसेनाशी झाली. शेवटचं जे पाहिलं ते तो हात. ती पडली, का कोणी ओढली, का गाडी आणि फलाटाच्या फटीत... मला काहीच दिसलं नाही.

मी दार बडवत होते. ऑफिसला निघालेल्या एका बाईनं माझा हात धरला आणि दाराजवळचं बटण दाबलं. भिंतीतून आवाज आला, "बोलिए, क्या हुआ?" मी दार बडवतच होते. तीच बोलली. आवाज म्हणाला, स्टेशनवर कळवतो, साडी कोणत्या रंगाची? सकाळी त्या साडीच्या निऱ्या मीच घातल्या होत्या. अन् रंग आठवेना. हिरवा म्हणावं तर हिरवा नाही, जांभळा म्हणावं तर तोही नाही. मी नुसतं "पट्टी, पट्टी" म्हणत राहिले. "डोळ्याला पट्टी आहे."

पुढच्या स्टेशनवर उतरले. परतीची गाडी पलीकडून, म्हणजे जिना उतरा, जिना चढा. वर पोचले तर समोरच्या पाटीवर लिहिलेलं, गाडी यायला नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. अक्काचा. वर तुझं नाव. डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला तू केला होतास. मी फोन हातात धरून उभी राहिले. उचलला तर तू विचारशील, आई कुठाय? आणि मला खरंच माहीत नव्हतं तुझी आई कुठाय. आहे की नाही, तेही. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो पदरात गुंडाळून दाबून धरला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. संध्याकाळी तुला सांगितलं, फोन घरीच राहिला होता. खोटं होतं.

परतीच्या गाडीतून सीताबर्डीला उतरले. आमचा मघाचा फलाट रुळांपलीकडं. मधली गाडी निघून गेली तशी तिकडं नजर टाकली. पिवळ्या पट्टीजवळ एक चप्पल पडली होती. एकच. अक्काची, अंगठ्याला मी शिवून दिलेली. शेजारी कोणी नाही. मी जिन्याकडं धावले. जिने कसे उतरले-चढले, कोणाला ढकललं, आठवत नाही.

फलाटाच्या टोकाला, खांबाआड, माणसं जमली होती. मी घुसले. अक्का खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती. कोपर सोललेलं, एक पाय अनवाणी. खाकी कपड्यातली गार्डबाई घामाघूम झालेली. तिनंच मागून कंबरेला धरून अक्काला ओढलं होतं. आता ती विनवत होती, "आजी, खुर्चीवर तर बसा!"

"नाही म्हटलं ना! माही बहीण जागा धराले गेली. मी हलली तर तिले भेटीन कशी?"

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं खांब सोडला नाही. आधी माझा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या, मग म्हणाली, "भेटली का जागा?"

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. लोकांसमोर. ती वरून म्हणते, "रड, रड. तुह्या डोळ्याचं कुठं ऑपरेशन झालं?" पण तिची हनुवटी थरथरत होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं ते पाणी कसं गिळलं असेल, देव जाणे. पट्टी कोरडी होती. मी दहादा पाहिली.

ऑटोनं घरी आलो. वाटेत तिनं शपथ घातली, "पोरीले सांगू नको. नोकरी सोडून पळत येईन ते."

उजवा डोळा छान झाला. आता ती मोहरी-जिरं वेगळं सांगते आणि फलाटावरची गोष्ट, तुझ्या कानावर जाऊ देऊ नका असं बजावून, गावभर हसून सांगते, चपलेचा भाग सोडून. पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. तू मला विचारतेस, आई टाळते का? नाही गं. ती तर दर फोनला विचारते, तारीख घेतली का. मीच घेत नाही. डॉक्टर गावाला गेलेत म्हणते, ऊन वाढलंय म्हणते. डावा डोळा आता पूर्ण पिकला आहे, डॉक्टर म्हणाले उशीर बरा नाही. आणि मी तिला पुन्हा पट्टी बांधून एकटीनं कुठंही नेऊ शकत नाही. ऑटोनंही नाही. झोपेत अजून तो हात डब्यावरून सरकताना दिसतो.

हे तिला सांगू नको. तू ये. चार दिवसांची सुट्टी काढ, दिवाळीपर्यंत थांबू नको. तू कळवलंस की त्याच दिवशी मी तारीख घेते. माझ्याकडच्या तुझ्या खोलीतला कूलर दुरुस्त करून ठेवलाय. लवकर ये वं.