सरासरी दहा विती

मी सध्या इयत्ता दुसरीत आहे. वय एकोणचाळीस, शिक्षण गणितात बीएस्सी. पण देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत बाई आमच्या ओवीला दुपारी जे शिकवतात, ते संध्याकाळी कणीक मळता मळता मला पुन्हा शिकावं लागतं. ओवी फक्त वही उघडते. दमायचं खातं माझ्याकडे!

त्या आठवड्यात धडा होता मोजमापाचा. 'घरातल्या वस्तू वितीने मोजा.' आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जमिनीवर झोपायचं नाही. उंच पलंग करा." शनिवारी त्या घरी येणार होत्या. त्याआधी आतल्या खोलीत, भिंत आणि कपाट यांच्यामधल्या जागेत पलंग बसायलाच हवा होता.

सुतार नानामामांचा फोन आला. "ताई, लाकूड कापाया घेतलंय. लांबी सांगा."

मी टेप शोधला. टेप शाळेत! (बाईंनी मागवला म्हणून ओवी घेऊन गेली, आणि ओवीने शाळेत नेलेली वस्तू परत येत नाही. डबा, स्वेटर, सगळं तिकडेच नांदतंय.)

"मामा, टेप नाहीये हो."

"मंग वितीनं सांगा की! आमच्या आज्यानं अख्खं घर वितीवर बांधलं."

ओवीला तर गृहपाठ आयताच मिळाला. ती फरशीवर पालथी पडून मोजू लागली. "आई, तेरा!"

मला शंका आली. मी मोजलं, नऊ भरल्या. तेवढ्यात आमचे हे ताटावरून उठून आले. "सरका. आठ! मायलेकींना साधं मोजता येत नाही!"

"माझंच बरोबर आहे!" ओवीने भोकाड पसरलं.

शहाण्या बाईने शेजारून टेप आणला असता. पण समोर तीन आकडे दिसले आणि माझ्यातली बीएस्सी जागी झाली. मी सरासरी काढली. दहा! कुणाचा अपमान नाही, भांडण नाही, आणि हिशेबात चूक नाही. कॉलेज सोडल्यानंतर पहिल्यांदाच माझं गणित घरात उपयोगी पडलं होतं. मला भरून आलं.

"मामा, दहा विती."

"खोली लई ऐसपैस हाय वो तुमची!" मामा म्हणाले. मी ते कौतुक समजले.

नानामामांचा पंजा मी तोवर पाहिला नव्हता. तो पाहिला शनिवारी, टेम्पोतून पलंग उतरवताना. या गृहस्थाने आपला तो फावड्याएवढा पंजा लाकडावर दहा वेळा टेकवला होता! पलंग पावणेआठ फुटांच्या वर. आमच्या सासूबाई पाच फुटांच्या आत.

पलंग बैठकीच्या खोलीत शिरला आणि तिथेच अडकला. आतल्या खोलीकडे वळेचना. "उभा करा!" "आडवा करा!" पंखा वाकला. शेवटी सोफा अंगणात काढला. एवढ्यात दारात रिक्षा थांबली. सासूबाई वॉकर धरून उन्हात उभ्या आणि त्यांना आत यायला वाट नाही. मला अगदी रडू फुटायच्या बेतात होतं.

"मामा, हे काय केलंत?"

"तुमीच दहा बोल्ल्या ना ताई? मोजून घ्या!" त्यांनी पंजा टेकवून दाखवला. बरोबर दहा.

कसंबसं सासूबाईंना आत आणून पलंगावर बसवलं. मी म्हटलं, "आई, उद्या मामा कापून देतील."

"कापायचा न्हाई!" त्यांनी हात फिरवून पाहिला. "लई झ्याक हाय. समोर टीव्ही हाय, दारातून गल्ली दिसती. आतल्या खोलीत मला कोन इचारतंय?"

तेव्हापासून बैठकीची खोली त्यांची. संध्याकाळी गल्लीतल्या पाच बायका त्याच पलंगावर मांडी घालून बसतात, तरी जागा उरते. चहा माझ्याकडे.

मी आणि ओवी अभ्यासाला अंगणातल्या सोफ्यावर, डास मारत. सोमवारी तिने दप्तरातून चक्क टेप काढला.

"आई, बाईंनी आज धड्याचं पुढचं पान शिकवलं. प्रत्येकाची वीत वेगळी असते, म्हणून टेपनेच मोजायचं. सोप्पंय, सगळ्या वर्गाला कळलं!"

ओवी जूनमध्ये तिसरीत जाईल. मला याच वर्गात ठेवतील असं दिसतंय.