पाठकोरे कागद

रिबेकाबाई पेणकरांवर अन्याय झाला तो १९८४ सालच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, घाटकोपरला त्यांच्याच घरात. करणारा मी. कोणावर, केव्हा, कोणी, हे आधी सांगायचं. चळवळीची पत्रकं लिहून लिहून मला तेवढंच नीट येतं.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्या आम्हा चार-पाच जणांना जुनी हिब्रू शास्त्रं वाचून दाखवत, साहित्य म्हणून. देवावर माझा विश्वास नव्हता. राजाला तोंडावर झापणारी माणसं त्यात आहेत असं ऐकलं होतं, आणि पत्रकासाठी मला तशी भाषा हवी होती. पण बाई आधी प्रश्न विचारत. हे कोण बोलतंय? कोणाला? उजवीकडून डावीकडे बोट सरकवत त्या मूळ ओळ म्हणत, मग मराठीत अर्थ सांगत. तिथल्या कवितेत एकच गोष्ट दोनदा येते, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत. मी म्हटलं, "बाई, हे पाल्हाळ आहे. मी दुसरी ओळ सरळ कापली असती."

"एकदा सांगितलेलं तू तरी ऐकतोस का रे?" बाई म्हणाल्या. "कापू नकोस. दुसरीला काय वेगळं दिसलंय ते शोध."

मला त्याचा नादच लागला. नाक्यावरची भांडणंसुद्धा मी तशी ऐकू लागलो.

त्या रविवारी निघताना दाराआड एक कापडी पिशवी दिसली. आत कसर लागलेले, पिवळे पडलेले फुलस्केप कागद. एका बाजूला निळ्या शाईत हाताने लिहिलेलं हिब्रू, दुसरी बाजू कोरी. टेकडीवरच्या वस्तीचा नळ महिनाभर कोरडा होता, मोर्चाचं पत्रक काढायचं होतं आणि कागद नव्हता. पाठकोऱ्या रद्दीवर छापायची आमची रीतच. विचारलं नाही, उचलली. चाळीस कागद. सायक्लोस्टाइल करून संध्याकाळपर्यंत वाटलेसुद्धा.

पुढच्या रविवारी बाईंच्या हातात ऐटीत एक पत्रक ठेवलं. त्यांनी ते उलटलं आणि खाली बसल्या.

"हे यांचं अक्षर," त्या म्हणाल्या. यजमान जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. "आणि यात देवाचं नाव आहे. असे कागद आम्ही टाकत नाही रे. जीर्ण झाले की माणसासारखे पुरतो. त्यासाठीच पिशवीत भरले होते."

त्या ओरडल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या एवढंच म्हणाल्या, "मिळतील तेवढे आण."

तीन दिवस मी टेकडीवर दारोदार फिरलो. आयुष्यभर कागद वाटले, परत मागायची ही पहिलीच वेळ. "वाटलेलं परत नेतोस? मग नळ पण काढून ने," बायका हसायच्या. पत्रकं गटारात गेली असणार, असं मी धरून चाललो होतो. पण कोणाच्या डब्यातून, कोणाच्या दप्तरातून, भिंतीवर डकवलेली, अशी ती निघत गेली. पाचेक राहिली तेव्हा मी थकून उतरायला लागलो. एका मालवणी आजीने हाक मारून पाणी दिलं, तेही तिच्याकडे हंडाभरच असताना. आत देवाच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीला टेकून, माझं पत्रक. हिब्रू बाजू पुढे, त्यावर हळदकुंकू.

"माका वाचूक येणा नाय," आजी म्हणाली. "पण कोणीतरी हातान लिवलेला असा. पायाखाली कसा टाकू?"

तिला कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. शिकलेल्या मला जे दिसलं नाही ते तिला दिसलं. तिथे माझे हात जोडले गेले, एवढं खरं.

बाईंकडे तो कागद घाबरतच दिला. "पुसू का?"

त्यांनी कुंकवावरून अलगद बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. "राहू दे. ही दुसरी ओळ."

दफनभूमीत कागदांसाठी खड्डा मी खणला. बाईंकडे मी शब्द उचलायला गेलो होतो. मिळालं ते न मागता, आणि हात रिकामे केल्यावर. त्या दोघींचा मी ऋणी आहे.

चार कागद अजून बाहेर आहेत. तुमच्याकडे नळाबद्दलचं जुनं पत्रक असेल तर आत्ता उठा, उलटून बघा. मागे निळ्या शाईतलं अक्षर असेल तर ते माझं नाही, तुमचंही नाही. आणून द्या.