दूधवाल्याच्या मागे, मिरजेपर्यंत

चार महिने रोज जीव तोडून सायकल मारतोय, तरी यवतेश्वर घाटात त्याच वळणावर पाय टेकतो. शेवटी मामा म्हणाले, “माझ्यासंगं मिरजेला चल. दोन दिवस. रस्ताभर बोलता आलं पायजे, एवढ्याच जोरात.” मामा फौजेत पीटी शिकवायचे. नाही कसं म्हणणार?

साताऱ्याहून उजाडताच निघालो. तुम्हीही तसंच करा, नंतर हायवेला ट्रकच ट्रक. कराडपर्यंत मामांच्या मागे. इतकं हळू चालवून पण माणूस दमतो, खरंच. डोकं दमतं. कराडला मिसळ, ऐंशी रुपये, रस्सा मागाल तेवढा.

कराड सोडून ताकारीच्या रस्त्याला लागलो, दोन्हीकडं ऊस. मागून घंटी. दोन कॅन लटकवलेला दूधवाला, साधी काळी सायकल. “सरका पैलवान!” म्हणाला आणि गेला पुढं. आता आमच्याकडं पुढं गेलेल्याला गाठल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. सुटलो. गाठला. तो डेअरीकडं वळला. शर्यत होती हे त्याला माहीतच नव्हतं.

मामा सावकाश आले.

“कोण जिंकलं?”

“मी.”

“तुझं नाव सांग बघू. गावासकट, एका दमात.”

नाही सांगता आलं.

“ह्योच रोग हाय तुझा. आरामाच्या दिवशी पळतूस, मग घाटाच्या दिवशी पायात काय उरत न्हाई.”

“आवं मामा, पण त्यो दूधवाला...”

“त्यो रोजच जातूय, गड्या.”

मुक्काम कुंडलला, मामांच्या फौजेतल्या दोस्ताकडं. दुसऱ्या दिवशी पलूस, सांगली, मिरज. सपाट रस्ता, तरी मांड्या लाकडाच्या. मामा अखंड बोलत होते, मी नुसतं हूं. मिरजेत सायकली रेल्वेच्या पार्सलमध्ये टाकायच्या तर निदान तासभर आधी जा. मी प्लॅटफॉर्मवर बसल्या बसल्या झोपलो.

आता आठवड्यात दोनच दिवस घाट, मरेस्तोवर. बाकी दिवस गप्पांच्या वेगानं. लय कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानं, गेल्या गुरुवारी, ते वळण मागं पडलं. दोन वळणं पुढं जाऊन पाय टेकला. घाट अजून बाकी आहे.

शुक्रवारी लिंबच्या रस्त्याला हळूहळू चाललो होतो. मागून घंटी, कॅनचा खडखडाट, इकडचा कुणी दूधवाला.

“सरका की!”

पाय शिवशिवले. सरकलो.