आत्याने पाहिलेलं ध्रुवण

भेडाघाटला कॅमेऱ्याचे कोणते फिल्टर न्यायचे ते ठरत नव्हतं, म्हणून मी सगळे आत्याच्या जेवणाच्या टेबलावर मांडले होते. नोकरीसाठी पुण्याहून जबलपूरला येऊन मला सहा महिने झाले होते, आणि रविवारी सकाळी मी चेरीतालला तिच्याकडेच असायची. आत्या लग्नानंतर इथलीच झालेली. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती.

"इतक्या काचा काहून?" तिने पोहे पुढे सरकवत विचारलं.

मी सांगायला लागले. ही गडद काच उजेड अडवते, मग शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि धबधबा दुधासारखा दिसतो. ही अर्धीच काळी, आकाश पांढरंफटक पडू नये म्हणून. आणि हा पोलरायझर, पाण्यावरची चमक घालवायला.

"पोलरायझर? म्हणजे प्रकाशाचं ध्रुवण? ते या काचेत आहे?"

मी काच मोबाइलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवली. पडदा मंद होत गेला आणि पार काळा झाला. आत्याने काच माझ्या हातातून घेतली. काळा, उजळ, पुन्हा काळा. तिचे पोहे गार झाले.

"छब्बीस साल फळ्यावर बाण काढले याचे," ती म्हणाली. "शाळेत ही काच नव्हतीच. पोरं विचारायची, मॅडम, दिखता कैसा है? मी म्हणायची, किताब में चित्र देखो." मग पुन्हा काच फिरवत, "मी तरी कुठे पाहिलं होतं!"

गुडघ्यांमुळे ती कधी नावेत बसत नसे. त्या दिवशी मात्र "चलो, मी पण येते" म्हणून चप्पल घालूनच उभी राहिली.

धुआंधार धबधब्यापाशी मी गडद काच लावून फोटो काढला. तो पाहून ती म्हणाली, "छान आहे, पण पाणी वरून धो धो पडून राहिलं असं वाटतच नाही." मलाही मग तसंच वाटायला लागलं. दुसरा फोटो काच काढून घेतला.

पंचवटी घाटावर नावाड्याने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून नावेत बसवलं. संगमरवराच्या कड्यांमध्ये शिरल्यावर मी पोलरायझर मागितला. तिने दिला नाही. तो डोळ्याला लावून ती पाण्यात बघत होती.

"अगं, दगड खालपर्यंत गेलाय! हिरवा होत होत गेलाय!"

नावाडी वल्ही थांबवून म्हणाला, "दीदी, हमको भी दिखाइए." तिने त्याला काच कशी फिरवायची ते शिकवलं, अगदी वर्गात शिकवावं तसं. त्याने पाहिलं आणि हसला. "इसी पत्थर से तो चप्पू टकराता है हमारा."

मी उरलेले फोटो विनाफिल्टरचे काढले. पाण्यावर कड्यांची लखलखती प्रतिबिंबं आली, आणि खालचा दगड एकाही फोटोत नाही.

काच तिच्याकडेच राहिली. दोन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. "मी गच्चीवर आहे. काच फिरवली की डोक्यावरचं आकाश गडद होते, पण सूर्याजवळचं होत नाही. काहून गं?"

मला माहीत नव्हतं. "बघून सांगते," मी म्हणाले.

"नको," ती म्हणाली, "आधी मला विचार करू दे."