सिंधूले सांगजा

रत्नमाला गजभिये नागपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात सतरा वर्षांपासून आया आहे. चादरी बदलायच्या, शौचाची भांडी द्यायची, म्हाताऱ्यांना उठवून बसवायचं, असं तिचं काम. नवरा लवकर गेला. मुलगी मेघा, तिला याच पगारावर तिने शिकवलं. वॉर्डात सगळे तिला रत्नामावशी म्हणतात आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोलत नाही. पण एक गोष्ट तिची तिलाच माहीत होती. चार वर्षं तिने ती कोणाजवळ काढली नव्हती.

दोन हजार एकवीसचा एप्रिल होता, कोरोनाची दुसरी लाट. खाटांच्या मधल्या जागेतही खाटा टाकलेल्या. सतरा नंबरवर नागपूरजवळच्या खापा गावचे गोपाळराव होते. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे, साठी ओलांडलेले. तीन दिवस त्यांनी काही मागितलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी दोनला, रत्नमालाची ड्यूटी सुटता सुटता, त्यांनी तिची बाही धरली आणि मास्कच्या आतून काहीतरी बोलले. "सिंधूले सांगजा" एवढं तिला कळलं. पुढचं ऑक्सिजनच्या आवाजात बुडालं. मधला एकच शब्द हाती लागला, "पिवळी".

ती सहा तास त्या प्लास्टिकच्या किटमध्ये होती. मोजे घामाने चिंब झाले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिने कान खाली केला नाही. "हाव, सांगते," म्हणाली, त्यांची बोटं बाहीवरून सोडवली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबरवर दुसरा पेशंट होता.

तेव्हापासून ते शब्द तिच्या मागे लागले. इतवारीत डाळ निवडून घेताना दुकानदाराने "ही पिवळी घ्या" म्हटलं, की तिचा हात थांबायचा. बसमध्ये कोणाचा धक्का लागून बाही ओढली गेली, की ती दचकून मागे पाहायची. मागे अनोळखी लोक असायचे. तेच तिला जास्त लागायचं. मेघा विचारायची, "आई, काय झालं वं?" ती म्हणायची, "काही नाही."

वॉर्डात मात्र तिची वागणूक बदलली. कोणी पुटपुटलं की ती खाटेवर हात टेकून वाकायची, कान जवळ न्यायची, आणि ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायची. "भाऊले सांगा, दूधवाल्याले बंद करा. असंच ना?" पेशंटने मान हलवली की मगच हलायची. बाकीच्या बाया हसत. तिला वेळ लागे, बोलणी बसत. तिने ते सोडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वैभवी नावाची नवी नर्स आली, खाप्याची. रत्नमालाने तिला सायकलवाल्या गोपाळरावांचं घर विचारलं. घर तिच्या ओळखीचं निघालं. दोन आठवडे रत्नमाला नुसती मनात जाऊन परत येत राहिली. शेवटी एका रविवारी सकाळची बस धरली.

गोपाळरावांच्या पत्नी सिंधूताई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेजारचं दुकान बंदच होतं. दाराच्या फटीतून आत दोन चाकं भिंतीला टेकलेली दिसत होती. रत्नमालाने पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

सिंधूताईंचे हात थांबले.

"दुसऱ्यांदा विचारता नसतं आलं काय, बाई?"

"आलं असतं."

"मंग काहून नाही विचारलं?"

"मले घरी जायचं होतं."

सिंधूताईंनी सूप बाजूला सारलं आणि आत निघून गेल्या. आता दार लागेल, असं रत्नमालाला वाटलं. लागलं असतं तर तिची तक्रार नव्हती. ती पायरीवर बसून राहिली. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही बंद झाला. अर्ध्या तासाने सिंधूताई बाहेर आल्या. डोळे लाल होते.

"पिवळी," त्या म्हणाल्या. "मी घरभर पाहून आली. पिवळं काय नाही घरात? हळद हाय, लुगडं हाय, त्यायची पिशवी हाय. मले नाही समजत त्यायले काय म्हणायचं होतं."

"मी बनवून सांगू शकली असती काहीतरी," रत्नमाला म्हणाली. "येता येता मनात आलं होतं."

"बरं झालं नाही सांगितलं." त्या तिच्या शेजारी टेकल्या. "मले फोनवर सांगतलं, गेले म्हणून. गुंडाळलेलंच दाखवलं, तेही दुरून. चार वर्षं मले एकच दिसे. हा माणूस खाटेवर हात हालवून राहिला, अन् जवळ कोणीच नाही." मग त्यांनी विचारलं, "बाही कोणत्या हातानं धरली?"

"उजव्या."

"जोर होता?"

"होता. मले सोडवा लागली."

सिंधूताईंनी मान हलवली. "तुमी होत्या तर," एवढंच म्हणाल्या आणि सोललेल्या दाण्यांची भाजी टाकायला उठल्या. त्या दिवशी रत्नमाला तिथेच जेवली.

उन्हाळ्यात सिंधूताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपुरात झालं. मुलगा पुण्याला, सून बाळंतीण. म्हणून त्या आठ दिवस रत्नमालाच्या घरी राहिल्या. मेघाने आपली खाट त्यांना दिली. दोघी फार बोलत नसत. एका दुपारी कूलरच्या घरघरीत सिंधूताईंनी पडल्या पडल्या विचारलं, "तुमाले अजून ऐकू येते काय, त्यायचं?"

"येते."

"मलेबी येते. मी तर तिथं नव्हती, तरी."

रत्नमालाने घड्याळ पाहिलं, साबणाने हात धुतले आणि औषधाची बाटली घेऊन खाटेच्या कडेला बसली.

"वर पाहा," ती म्हणाली, आणि पापणी हलकेच धरून थेंब टाकला.